मनाचा आजार आणि मान्झोनींचे घर

रविवारच्या मिस्सेपूर्वी आपल्याकडे आजाऱ्यांसाठी प्रार्थनेचे हेतू वाचले जातात. कुणाचे हृदयाचे ऑपरेशन असते, कुणाची केमोथेरपी चालू असते, कुणी पडून मांडीचे हाड मोडून घेतलेले असते. नावानिशी सगळे वाचले जाते आणि ते योग्यच आहे. मनाच्या आजारासाठी मात्र आम्ही आजवर कुणाचे नाव ऐकलेले नाही. तो आजार 'विशेष हेतू' या दोन शब्दांत झाकून येतो. आजारी माणूस, त्याची बायको किंवा नवरा, मुलेबाळे, सगळीच त्या दोन शब्दांमागे उभी असतात.

म्हणून या रविवारी आम्ही एका घराची हकिकत सांगणार आहोत. घर इटलीतल्या मिलान शहरातले, काळ दोनशे वर्षांपूर्वीचा. घरधनी आलेस्सान्द्रो मान्झोनी. इटलीत शाळेत गेलेला एकही माणूस असा सापडणार नाही ज्याला हे नाव ठाऊक नाही, कारण त्यांची 'इ प्रोमेस्सी स्पोसी', म्हणजे 'वाग्दत्त वधूवर', ही कादंबरी तिथे प्रत्येक विद्यार्थ्याला वाचावी लागते. पोप फ्रान्सिस यांची ती फार आवडती होती. २७ मे २०१५ च्या बुधवारच्या प्रवचनात, साखरपुडा झालेल्या तरुण-तरुणींविषयी बोलताना, त्यांनी ही कादंबरी वाचण्याची शिफारस केली होती. मोठा लेखक, श्रद्धावंत कॅथोलिक, देशाने डोक्यावर घेतलेला माणूस. पण हा माणूस एकट्याने घराचा उंबरठा ओलांडू शकत नसे, हे आपल्याकडे फारसे कुणाला माहीत नसते.

मान्झोनी यांचा जन्म ७ मार्च १७८५ चा. आई ज्युलिया ही चेझारे बेक्कारिया यांची मुलगी. हे बेक्कारिया म्हणजे ज्यांनी १७६४ साली छळ आणि देहदंड यांच्याविरुद्ध पुस्तक लिहून साऱ्या युरोपला विचार करायला लावले तेच. वडील पिएत्रो मान्झोनी आईपेक्षा पंचवीसेक वर्षांनी मोठे. हे लग्न जमलेच नाही. मूल सहा वर्षांचे असताना त्याला धर्मगुरूंच्या वसतिशाळेत ठेवले गेले आणि पुढच्याच वर्षी, १७९२ मध्ये, आईवडील विभक्त झाले. आई नंतर कार्लो इम्बोनाती नावाच्या गृहस्थांबरोबर पॅरिसला राहू लागली. मुलगा एका शाळेतून दुसऱ्या शाळेत, असा सुट्टीतही परका राहून वाढला. इम्बोनाती १८०५ साली वारले, तेव्हा वीस वर्षांचा आलेस्सान्द्रो आईकडे पॅरिसला गेला आणि मायलेकरांची खऱ्या अर्थाने ओळख तेव्हा झाली. त्यानंतर आई मरेपर्यंत मुलाच्या घरीच राहिली आणि घराच्या किल्ल्या तिच्याच कमरेला राहिल्या. सहा वर्षांच्या मुलाला वसतिशाळेच्या फाटकाशी सोडून जाणारी पाठमोरी आई त्याच्या मनात किती खोल गेली असेल, हे आम्ही सांगू शकत नाही. पण पुढची हकिकत वाचताना ते फाटक विसरू नये.

६ फेब्रुवारी १८०८ रोजी त्यांचे लग्न झाले. वधू एन्रिकेत्ता ब्लोन्देल, सोळा वर्षांची, जिनिव्हाहून मिलानला आलेल्या रेशमाच्या व्यापाऱ्याची मुलगी. घराणे कॅल्विनपंथी, म्हणून लग्नही त्याच पद्धतीने झाले. मान्झोनी तेव्हा देवाधर्मापासून दूर होते, त्यांना त्याचे काही वाटले नाही. वर्षअखेरीस पहिली मुलगी झाली. आजीचेच नाव तिला ठेवले, ज्युलिया. बाळाचा स्नानसंस्कार कॅथोलिक चर्चमध्ये झाला आणि हळूहळू एन्रिकेत्ताच्या मनाने वेगळी वाट धरली. फेब्रुवारी १८१० मध्ये दोघांनी कॅथोलिक विधीने पुन्हा विवाह केला आणि २२ मे १८१० रोजी पॅरिसच्या सेंट सेव्हरिन चर्चमध्ये एन्रिकेत्ता कॅथोलिक झाली. माहेर तुटल्यासारखेच झाले, आईचा राग तर फार होता. एकोणीस वर्षांचीही न झालेली ही मुलगी किती खंबीर होती, ते इथे दिसते. तिला पुढे हा खंबीरपणा रोज लागणार होता.

याच दोन तारखांच्या मध्ये २ एप्रिल १८१० येतो. त्या दिवशी पॅरिसमध्ये नेपोलियन आणि मारी लुईस यांच्या विवाहाचा जल्लोष होता. मान्झोनी पतिपत्नी गर्दीत सापडली, रेटारेटीत हातातला हात सुटला आणि एन्रिकेत्ता दिसेनाशी झाली. मान्झोनींच्या छातीत धडधडू लागले, दम कोंडला, आता आपण पडणार असे वाटू लागले. कसेबसे ते जवळच्या सेंट रॉक चर्चमध्ये शिरले. तिथल्या शांततेत त्यांनी देवाला हाक मारली आणि पत्नी सुखरूप परत मिळाली. त्यांचे मनपरिवर्तन तिथे झाले, अशी हकिकत परंपरेने सांगितली जाते. स्वतः मान्झोनी या विषयावर फारसे बोलत नसत. देवाची कृपा आणि पत्नी, एवढेच त्याचे श्रेय ते देत.

आपल्यासारख्यांना ही हकिकत इथेच थांबवायला आवडते. चर्चमध्ये शिरला, श्रद्धा मिळाली, सगळे ठीक झाले. पण सगळे ठीक झाले नाही. श्रद्धा मिळाली ती अखेरपर्यंत टिकली. आणि त्या गर्दीत आलेला झटका, तोही अखेरपर्यंत टिकला. पुढची साठ वर्षे दोन्ही एकाच घरात नांदली.

मिलानला परतल्यावर आजाराने आपले रूप दाखवले. मोकळ्या जागेत एकटे असले की मान्झोनींना भोवळ येई, पायांखालची जमीन खचते असे वाटे. गर्दी सोसत नसे, गडगडाट सोसत नसे. चारचौघांत बोलताना जीभ अडखळे. मैलोन्‌मैल चालायची त्यांना आवड होती, पण बरोबर कुणीतरी हवेच. मधूनमधून मन इतके खाली जाई की लिहिणे, वाचणे, माणसांना भेटणे सारे थांबे. आजचे डॉक्टर याला चिंतेचा विकार, भीतीचे झटके, नैराश्य अशी नावे देतील. त्या काळी सगळ्याला मिळून 'नसांचा आजार' म्हणत आणि इलाज म्हणजे रक्त काढणे, पथ्य आणि हवापालट.

हवापालटासाठी पॅरिसला जायचे ठरले. १८१७ साली ऑस्ट्रियन सरकारने पासपोर्टच नाकारले, कारण मिलान तेव्हा त्यांच्या ताब्यात होते. अखेर सप्टेंबर १८१९ मध्ये सारे कुटुंब निघाले. आजी, पतिपत्नी आणि पाच मुले. सर्वांत धाकटा एन्रिको जूनमध्ये जन्मलेला, म्हणजे तीन महिन्यांचा. घोड्यांच्या गाडीतून आल्प्स ओलांडून. आपल्याकडे अंगावर पिते बाळ घेऊन कुणी मुंबईहून गावी निघाले तरी चार जण हळहळतात. हा सगळा खटाटोप एका माणसाच्या मनाला उभारी मिळावी म्हणून. पुढच्या उन्हाळ्यात सगळे परतले. आजार मुळातून गेला नाही.

एन्रिकेत्ताचे आयुष्य आता पाहावे. १८०८ ते १८३० या बावीस वर्षांत तिने दहा मुलांना जन्म दिला. १८११ ची मुलगी जन्मली त्याच दिवशी गेली, लहानगी क्लारा दोनेक वर्षांची असताना गेली. प्रत्येक बाळंतपणागणिक एन्रिकेत्ताची प्रकृती खालावत गेली, डोळे अधू होत गेले. तिच्या आजारपणासाठीही घरात डॉक्टर येत. पण घराचे वेळापत्रक ज्याच्याभोवती फिरायचे तो आजार तिचा नव्हता. नवऱ्याला बाहेर जायचे तर सोबत कोण, पाहुणे किती वेळ थांबले तर चालेल, आज मन कसे आहे. कुणाची तक्रार न करता हा हिशेब ती रोज मांडत राहिली. ज्या घरात असा आजारी माणूस आहे तिथल्या गृहिणीला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

मान्झोनी कठोर पती होते का? नाही. त्यांचे पत्नीवर मनापासून प्रेम होते. १८२२ साली आलेले 'आदेल्की' हे नाटक त्यांनी तिलाच अर्पण केले आणि त्या अर्पणपत्रिकेत तिच्या पत्नीपणाची आणि मातृत्वाची थोरवी गायली. मारहाण नाही, दारू नाही, शिवीगाळ नाही. तरीही त्यांच्या आजाराचे ओझे तिच्या खांद्यावर होते. प्रेम आहे म्हणून ओझे हलके होते, असे म्हणणाऱ्यांनी ते उचललेले नसते.

इथे त्यांच्या आध्यात्मिक गुरूंविषयी थोडे. कॅनन लुइजी तोसी हे पुढे १८२३ साली पावियाचे महागुरू झाले. शिस्तीचे कडक. त्यांच्याच आग्रहाने मान्झोनींनी कॅथोलिक नीतिशास्त्राच्या समर्थनार्थ एक ग्रंथ १८१९ साली प्रसिद्ध केला. मान्झोनी नेमाने प्रार्थना करीत, मिस्सेला जात, संस्कार घेत. आमच्या कानांवर कधीकधी असे बोल येतात की ज्याची प्रार्थना पक्की त्याला नैराश्य येत नाही, आणि ज्याला येते त्याच्या श्रद्धेतच काही उणे असावे. असे बोलणाऱ्याने मान्झोनींच्या घरी आठ दिवस राहून पाहायला हवे होते. मधुमेह झालेल्या माणसाला आपण श्रद्धा वाढव म्हणून सांगत नाही. त्याला डॉक्टरकडे पाठवतो आणि त्याच्यासाठी रोझरीही म्हणतो.

या आजारातच कादंबरी लिहिली गेली. २४ एप्रिल १८२१ ला सुरुवात झाली आणि १८२७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. कथा सतराव्या शतकातली. रेन्झो आणि लुचिया या दोन गरीब माणसांचे लग्न एक धनदांडगा मोडू पाहतो. पुढे दुष्काळ, दंगल आणि १६३० ची मिलानची प्लेग. संत चार्ल्स बोरोमिओ यांचे चुलतभाऊ कार्डिनल फेदेरिगो तिच्यात आहेत. आणि एक पात्र आहे ज्याला लेखकाने नावच दिलेले नाही, सारा मुलूख ज्याला भितो असा एक गुंड सरदार. एका रात्री या माणसाला झोप येत नाही. सारे आयुष्य डोळ्यांपुढे उभे राहते, उद्याचा दिवस नकोसा होतो आणि हात पिस्तुलाकडे जातो. पहाटे दरीतून घंटांचा आवाज येतो, लोक नव्या कपड्यांत कुठेतरी आनंदाने निघालेले दिसतात. तोही उठतो आणि कार्डिनलच्या भेटीला निघतो. अनेकांच्या मते कादंबरीतली ही सर्वांत थोर पाने आहेत. ती रात्र लिहिणाऱ्याला तशा रात्री अनोळखी नव्हत्या असे आम्हाला वाटते.

कादंबरी निघाली त्याच उन्हाळ्यात सगळे कुटुंब समुद्रस्नानासाठी लिव्होर्नोला आणि मग फ्लॉरेन्सला गेले. मान्झोनींना फ्लॉरेन्सची भाषा ऐकून आपली कादंबरी सुधारायची होती, एन्रिकेत्ताला प्रकृती सुधारायची होती. भाषा सुधारली.

एन्रिकेत्ता १८३३ च्या नाताळच्या दिवशी वारली. बेचाळीस वर्षांची होती. तिला ब्रुसुल्यो या त्यांच्या गावच्या घराजवळ पुरले. थडग्यावरचा मजकूर नवऱ्याने लिहिला. सून म्हणून, पत्नी म्हणून, आई म्हणून तिच्या तोडीचे कुणी नव्हते अशा अर्थाचा. नंतर त्यांनी त्या नाताळवर एक कविता लिहायला घेतली. ज्यांनी तरुणपणी नाताळवर भक्तिगीत लिहिले होते त्याच कवीचा इथला सूर गोठ्यातल्या बाळाची भीती वाटल्यासारखा आहे. चार-पाच कडवी झाली असतील नसतील, कविता तिथेच थांबली. ती पुढे कधी पूर्ण झाली नाही. नऊ महिन्यांत, सप्टेंबर १८३४ मध्ये, थोरली मुलगी ज्युलियाही गेली.

आता घरात धाकटी तीन मुले उरली होती ती अजाण. मातिल्दे तर आई गेली तेव्हा तीन वर्षांची. ज्या आईने बापाच्या आणि मुलांच्या मधली जागा भरून काढली होती ती जागा रिकामी झाली. आमच्या मते या घराचे खरे नुकसान इथे सुरू होते. बापाचा आजार होताच, पण आई होती तोवर मुलांना त्याची झळ थेट लागत नव्हती.

२ जानेवारी १८३७ रोजी मान्झोनींनी दुसरे लग्न केले. तेरेसा बोर्री स्टाम्पा या विधवा होत्या, त्यांना एक मोठा मुलगा होता. तेरेसा यांचा नवऱ्याच्या लेखनावर जीव होता, पण त्यांची स्वतःची प्रकृती नेहमी तक्रारीची. अंथरूण त्यांचे जवळजवळ कायमचे. दोन आजारी माणसांच्या घरात मुलांचे काय होणार? सासूचे आणि त्यांचे पटले नाही, सावत्र मुलींशीही जुळले नाही. तेरेसा यांना खलनायिका ठरवणारी पुष्कळ पाने लिहिली गेली आहेत. आम्हाला ती अन्यायाची वाटतात. त्यांनी एका थकलेल्या घरात पाऊल ठेवले होते आणि त्या स्वतः थकलेल्या होत्या, इतकेच. १८४१ साली मे महिन्यात क्रिस्तिना गेली, जुलैमध्ये आजी ज्युलिया गेली. १८४५ मध्ये सोफिया. एन्रिको धंद्यात बुडाला. फिलिप्पो बाविसाव्या वर्षी, १८४८ च्या मिलानच्या उठावात, ऑस्ट्रियनांच्या हाती ओलीस सापडला. सुटून आल्यावर कर्जात इतका रुतला की बापलेकांचे संबंध तुटले ते तो १८६८ मध्ये मरेपर्यंत जुळले नाहीत. या मुलांचे वाटोळे बापाच्या आजारामुळेच झाले असे म्हणणे सोपे आहे. पण एका घरातल्या एका आजारावर सगळी पापे टाकू नयेत. त्याच बापाचा थोरला मुलगा पिएत्रो कसा निघाला ते पुढे येईल.

आम्हाला मात्र सर्वांत चटका लावून जाते ती मातिल्दे. थोरल्या बहिणी गेल्यावर तिला जवळची अशी एकच बहीण उरली, व्हित्तोरिया. व्हित्तोरिया १८४६ साली लग्न होऊन तोस्कानात गेली आणि पुढच्याच वर्षी सतरा वर्षांची मातिल्दे तिच्याकडे राहायला आली. प्रकृती नाजूक, पुढे क्षयाने धरलेली. ती बापाला पत्रे लिहायची. या, भेटा, एवढेच मागणे. बापाची उत्तरे प्रेमाने ओथंबलेली. येतो, या ऋतूत नाही तर पुढच्या ऋतूत नक्की येतो. १८५२ साली ते गेलेही, आणि ते दिवस तिला पुरवून पुरवून वापरावे लागले. त्यानंतर पुन्हा वायदे. पत्नीचे आजारपण, पैशाची ओढाताण, स्वतःची प्रकृती, कारणे खोटी नव्हती. पण ज्याला प्रवासाचीच धास्ती आहे त्याला कारण शोधावे लागत नाही, ते आपोआप हजर होते. मातिल्दे ३० मार्च १८५६ रोजी सिएनात वारली, पंचवीस वर्षांची. बाप आला नव्हता. तो आला त्याच वर्षीच्या शरद ऋतूत, व्हित्तोरियाकडे.

लक्षात घ्यावे, हेच मान्झोनी १८५५ च्या उन्हाळ्यात आपले मित्र फादर अन्तोनियो रोस्मिनी यांच्या मृत्युशय्येजवळ स्ट्रेसाला होते. (रोस्मिनी यांना २००७ साली धन्यवादित घोषित करण्यात आले.) मित्रासाठी जमले आणि मुलीसाठी नाही, याचा जाब मागावासा वाटतो. स्ट्रेसा मिलानहून जवळ आणि सिएना दूर, हे एक उत्तर. दुसरे उत्तर असे की हा आजार काय जमू देईल आणि काय नाही, यात न्याय नसतो. पण सिएनात वाट पाहणाऱ्या मुलीला यातले कुठलेही उत्तर पुरले नसते, आणि तिने ते पुरवून घ्यावे असे आम्ही म्हणणार नाही. बाप आजारी होता हे खरे. ती एकटी गेली हेही खरे.

आता पिएत्रो. १८१३ चा जन्म. बापाचा चिटणीस तोच, हिशेबनीस तोच, सोबती तोच. तेरेसा १८६१ साली वारल्या, त्यानंतर व्हिया मोरोनेवरच्या त्या घरात पिएत्रो, त्याची बायको आणि मुले हीच म्हाताऱ्याची माणसे. देश एक झाला होता, मान्झोनी १८६० साली सिनेटर झाले होते, परदेशातून मोठमोठी माणसे दर्शनाला येत होती. पिएत्रोचे नाव कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही. एन्रिकेत्ता जे करीत होती ते तो करीत राहिला. पन्नाशी उलटली तरी करीत राहिला. आजाऱ्याची सेवा करणाऱ्याची सेवा कोण करतो, हा प्रश्न त्या घरात कुणाला पडल्याचे दिसत नाही.

६ जानेवारी १८७३, तीन राजांचा सण. सत्त्याऐंशी वर्षांचे मान्झोनी घराजवळच्या सान फेदेले चर्चमधून मिस्सा आटपून बाहेर येत असताना पायऱ्यांवर घसरले आणि डोके आपटले. तेव्हापासून त्यांची स्मृती आणि समज ढासळत गेली. त्यांची काळजी घेणारा पिएत्रो २८ एप्रिलला त्यांच्या आधी गेला, साठीलाही पोचला नव्हता. दहा मुलांपैकी आता दोनच उरली, एन्रिको आणि व्हित्तोरिया. २२ मे १८७३ रोजी मान्झोनी वारले. एन्रिकेत्ता कॅथोलिक झाली तीच ही तारीख, त्रेसष्ट वर्षांनंतरची.

अंत्ययात्रेला सारे मिलान लोटले. बरोबर एका वर्षाने, २२ मे १८७४ ला, संगीतकार व्हेर्दी यांनी त्यांच्या स्मरणार्थ रचलेला रेक्वियेम मिलानच्या सान मार्को चर्चमध्ये प्रथम गायला गेला. व्हिया मोरोनेवरचे घर आज संग्रहालय आहे. एन्रिकेत्ता ब्रुसुल्योला आहे, नवऱ्याने लिहिलेल्या त्या ओळींखाली.